अर्ध्या वाक्याचा व्यापारी

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा मीठ बैलांच्या पाठीवरून गावोगाव फिरायचं. असाच एक मिठाचा व्यापारी होता. माणूस हुशार, गोडबोल्या, मालाची पारख पक्की. खोड एकच. समोरच्यानं तोंड उघडलं, की हा "हां हां, कळलं!" म्हणून मोकळा.

"आपल्याला अर्ध्या वाक्यात सगळं समजतं," असं तो मिशीवर हात फिरवून सांगायचा. आणि खरं सांगायचं तर बाजारात ते खपूनही जायचं.

एका वर्षी कैऱ्यांच्या दिवसांत तो वीस बैल मीठ घेऊन निघाला. नदीपलीकडच्या गावात घरोघर कैऱ्या चिरून पडल्या होत्या. त्या दिवशी मीठ पोचलं तर वर्षाचं लोणचं, नाहीतर सगळी नासाडी. वाटेतल्या नदीला मात्र वळवाचं पाणी आलेलं.

काठावर एक परटीण कपडे धूत होती. व्यापाऱ्यानं विचारलं, "बाई, नदी ओलांडायला उतार कुठं आहे? बैल कुठून घालू?"

परटीण लुगडं पिळत म्हणाली, "त्या वडाखाली उतार..."

"हां हां, कळलं!" व्यापारी वळलासुद्धा.

"अहो शेट, पुरतं ऐका तरी!"

"बाई, तुमचे कपडे वाळायचेत, माझं मीठ पोचायचंय!" तो हसत ओरडला.

वडाखाली पहिले दहा बैल पाण्यात शिरले. चार पावलांवर तळ सरला. बैल पोहून कसेबसे काठाला लागले, पण पाठीवरच्या गोण्या अशा रिकाम्या झाल्या, की त्यांत मीठ होतं यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

व्यापारी निथळत परत आला. "बाई, वडाखाली उतार आहे म्हणालात ना?"

"'आहे' मी कधी म्हणाले? 'होता, गेल्या पुरात वाहून गेला' असं सांगत होते. तुम्ही अर्धंच घेऊन पळालात. उरलेलं माझ्या तोंडातच राहिलं की!"

व्यापारी वाळूत बसला. अजून दहा बैल भरलेले होते. "आता सांगा," तो म्हणाला. "मी मधे बोलत नाही."

"तो काळा धोंडा दिसतो? त्याच्या वरच्या अंगाला पाणी कसं संथ, उथळ दिसतं..." परटीण धुणं झटकायला थांबली. व्यापाऱ्याच्या जिभेवर "हां" येऊन बसला. त्यानं तो गिळला. त्याचे हात थांबले, डोळे थांबले, सगळ्या अंगात जणू कानच तेवढा उरला.

मागं बैल धरून उभा असलेला एक गडी दुसऱ्याला म्हणाला, "शेट आज जिवाचा कान करून बसलेत बघ!"

"...तिथं चुकूनही जाऊ नका," परटिणीनं वाक्य पुरं केलं. "तिथं डोह आहे. खालच्या अंगाला खळखळतं ना, तिथं गुडघाभरच पाणी. तिथून घाला बैल."

दहा बैल पलीकडे पोचले, मीठ कोरडं ठणठणीत. गावातल्या निम्म्या घरांच्या बरण्या भरल्या. उरलेल्या घरांच्या कैऱ्या सडल्या. त्या घरच्या बायकांनी व्यापाऱ्याला जे जे सुनावलं, ते त्यानं खाली मान घालून, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं.

यातून घ्यायचं ते एवढंच: समोरच्याचा शेवटचा शब्द पडेपर्यंत जो गप्प राहतो, त्यानंच खरं ऐकलं.