तीन इस्पिकांवरचा डबल

एकदा एक तरुण आई दोन वाक्यांच्या काळजीने रात्रभर जागी राहिली. एक वाक्य तिने ऐकले होते, दुसरे ती स्वतः बोलली होती.

ऐकलेले वाक्य तिच्या पाच वर्षांच्या शालूचे. आई पत्त्यांचा ब्रिज शिकायला निघाली, तेव्हा शालू भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जा तू. खेळायला जा." आईला तो टोमणा वाटला. "एवढीशी आहेस आणि टाकून बोलतेस?" असे सुनावून ती घराबाहेर पडली.

बोललेले वाक्य त्याहून वाईट होते. ब्रिजमध्ये समोर बसलेला तो आपला जोडीदार. डाव सुरू होण्याआधी बोली लागते, आणि त्या ठरलेल्या बोलींपलीकडे जोडीदाराला एक अक्षरही सांगायचे नसते, काही विचारायचेही नसते. तिचे जोडीदार होते कापडाचे एक वयस्क व्यापारी. तिने 'एक चौकट' अशी सुरुवात केली, प्रतिस्पर्ध्याने एकदम 'तीन इस्पिक' अशी उडी मारली, आणि शेठजी म्हणाले, "डबल."

या डबलचे दोन अर्थ होतात. 'ही बोली बुडणार, राहू दे', किंवा 'मला तुझा दुसरा रंग सांग'. इतक्या वरच्या बोलीवर कोणता अर्थ धरायचा, हे दोघांनी कधी ठरवलेच नव्हते. तिने पहिला धरला आणि ती गप्प राहिली. प्रतिस्पर्ध्यांनी तीन इस्पिकांची बोली आरामात पुरी केली. मग शेठजींची पाने उघडी पडली, आणि चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "इस्पिकाचं एकच पान आणि डबल? शेठजी, कापडाच्या दुकानात चालत असतील असे अंदाज!"

शेठजी एवढेच म्हणाले, "चुकलं असेल, ताई." पण सकाळी त्यांनी ब्रिज शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींना निरोप धाडला: 'रविवारच्या स्पर्धेसाठी ताईंना दुसरा जोडीदार बघा.'

दुपारी गुरुजींनी दोघांना बोलावले. ती मनातल्या मनात क्षमेची वाक्ये जुळवत आली होती. (उच्चशिक्षित माणसाला एका साध्या 'चुकले'साठी किती मसुदे लागतात!) पण गुरुजींनी बोलू दिलेच नाही. तोच डाव त्यांनी पुन्हा मांडला, आणि तिला म्हणाले, "शेठजींच्या खुर्चीत बसा. शेठजी, तुम्ही यांच्या."

तिला यातले काही कळेना. शिक्षा म्हणावी, तर गुरुजींचा चेहरा शांत होता.

गुरुजींनी कालची बोली वाचली. "एक चौकट. तीन इस्पिक. हं, आता तुम्ही."

तिने पाने उघडली. इस्पिकाचे एक. किलवर चांगले. बदाम चार. 'चार बदाम' म्हणावे, तर बदामाची पाच पाने हवीत. 'चार किलवर' म्हणावे, तर बदाम कायमचे हरवतात. गप्प बसावे, तर इतकी चांगली पाने वाया जातात. तिने तीनदा पाने लावली, तीनदा मोडली.

"डबल," ती कशीबशी म्हणाली.

समोरून शेठजी, तिचीच कालची पाने हातात धरून, क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "चार बदाम."

तिची मान खाली गेली.

गुरुजी म्हणाले, "जोडीदाराचे बोलणे संदिग्ध वाटले की आपण त्याच्या अकलेकडे बघतो. बघावे आपल्या हाताकडे. एकदम 'तीन इस्पिक' म्हणणाऱ्याने आपल्याकडे इस्पिकाची सात पाने असल्याचेच सांगितले होते, तुमच्याकडे तीन होती. तेरातून उरली तीन, तीही दोघांत; मग शेठजींकडे किती येणार? अर्थ तुमच्याच मुठीत होता. आणि मोजूनही दोन अर्थ उरले, तर समोरचा शहाणा आहे असे धरून जो निघेल, तो घ्यावा. त्याला मूर्ख ठरवणारा अर्थ सर्वांत सोपा असतो, म्हणून आधी तोच सुचतो." मग पाने गोळा करीत पुटपुटले, "इथे विचारायची बंदी आहे, म्हणून मोजावे लागते. जिथे बंदी नाही, तिथेही माणसे विचारत नाहीत."

जुळवलेली सगळी वाक्ये विसरून ती म्हणाली, "शेठजी, दुकानाचं बोलले ते... फार वाईट बोलले."

"ताई, गिऱ्हाईक 'बघू' म्हणतं ना, त्याचा अर्थ लावण्यात माझी तीस वर्षं गेली," शेठजी म्हणाले. "तुमचा तर दुसराच महिना. रविवारी उशीर करू नका म्हणजे झालं."

त्यांनी माफ केले, म्हणून तिला अधिकच लाज वाटली.

घरी शालू पालथी पडून चित्र रंगवत होती. आई तिच्याजवळ जमिनीवर बसली. विचारायला जीभ उचलेना. ज्या प्रश्नाला कुणाची बंदी नव्हती, तो तिने पाच वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

"शालू, काल तू 'जा' म्हणालीस ना, ते रागाने म्हणालीस, की मी खरंच जावं म्हणून?"

शालूने खडू थांबवला. बराच विचार केला.

"दोन्ही," ती म्हणाली. "आता पाठ खाजव. तिथे नाही, वर."