तापलेल्या इंजिनाची थंडी

फार पूर्वी, गाडीचे भाग एकमेकांशी बोलत असत तेव्हा, एका गाडीतल्या संगणकबाई इंजिनाला पेट्रोल भरवायच्या. इंजिन गार असलं की जास्त, तापलं की बेताचं. पण ते गार आहे की गरम, हे बाई इंजिनाला कधी विचारत नसत. शेजारच्या तापमापकाला विचारत.

त्या दिवशी अर्धा घाट चढल्यावरही तापमापक म्हणाला, "गारच आहे हो."

बाईंचा जीव कालवला. "अगं बाई, अजून? घे बाळा, आणखी घोटभर घे."

इंजिन खोकलं. सर्दीच झाली, असं ठरवून बाईंनी आणखी भरवलं. मागून काळाकुट्ट धूर निघाला आणि काजळीने माखलेला, ठिणगी पाडणारा प्लग किंचाळला, "बाई, थांबा! त्याला थंडी नाही वाजत, ते गुदमरतंय!"

बाई हादरल्या. "अहो तापमापक, हे काय?"

"मी सकाळीच बिघडलोय," तो पुटपुटला. "पण तुम्ही इतक्या काळजीने विचारता, गप्प कसं बसायचं? सकाळचंच सांगत राहिलो."

बाईंनी भरवणं थांबवलं. इंजिनाने कसाबसा श्वास घेतला. मग बाईंनी, जन्मात पहिल्यांदा, त्यालाच विचारलं, "बाळा, तुला थंडी वाजतेय का रे?"