भाजणीचा डबा

गावात इंटरनेटची तार एकट्या विलासराव घोणशांची; महिन्याचे पैसे भरून सगळे तीच वापरत. त्यांचं स्वतःचं सिनेमाचं अ‍ॅप सुसाट पळे. गिरणीवाल्या इंदुताईंच्या लेकीचा ऑनलाइन क्लास मात्र जागीच अडकून बसे. इंदुताईंनी विचारलं, तर म्हणाले, "तार माझी. काय पळवायचं, काय अडवायचं, मी ठरवणार."

दिवाळीच्या तोंडावर घोणशांकडून चकलीच्या भाजणीचा डबा दळायला आला. इंदुताईंनी तो रांगेतून उचलून मागे सारला. दुसऱ्या दिवशीही डबा तिथेच! विलासराव तणतणत आले.

"गिरण माझी," इंदुताई म्हणाल्या. "माझ्या भावाच्या दुकानातलं धान्य आधी."

"मी दळणाचे पैसे देतो ना? मग डब्यातलं धान्य कुठल्या दुकानातलं, याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

इंदुताईंनी भाजणी गिरणीत ओतली. "आता हेच जाऊन तुमच्या तारेला सांगा."