बिनकानाचे मावळे

एक होता राजा. नाव दणदणसेन. ए, दिवा नका रे मालवू एवढ्यात. चिमीला माझे हात दिसायला नकोत? लोळा खुशाल, पण दिवा राहू दे.

तर दणदणसेन. त्याला आवाजाचं भारी वेड. जेवायला बसला की शिंग, आंघोळीला निघाला की तुतारी, शिंकला तरी ढोल. वर्षातनं एकदा, दिवाळीला, तो सगळ्या राज्याला सुट्टी द्यायचा. मग घरोघर मुलं मातीचे किल्ले करायची, हळीव पेरायची, वर मावळे मांडायची. त्यात काय मोठंसं, आम्हीही करतो, म्हणाल. पण तिथली माती होती साती आसरांच्या, त्या पाण्यातल्या सात देवींच्या, डोहातली, बरं का. त्या मातीचे मावळे वर्षातनं एकच दिवस, पाडव्याला, जिवंत व्हायचे.

पाडव्याला सगळी मुलं मावळे घेऊन राजवाड्याच्या पटांगणात जमायची. नगारची ओरडायचा, डोळे मिटा, हात जोडा. राजासुद्धा डोळे मिटायचा, नगारचीही. मग नगारा वाजायचा, धड्डाम! डोळे उघडून बघावं तर काय, मावळे आपल्या पायांवर उभे. मग खेळ सुरू. नगारा वाजतोय तोवर मावळा पळवायचा, थांबला की थांबवायचा. चुकला तो बाद.

हे मावळे घडवायची भागीरथी कुंभारीण. तिची लेक केशर, आठ वर्षांची. केशरला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घरात कुणाला त्याचं काही नव्हतं. आई, बाप, आजा, सगळे हातांनी बोलायचे. चिखलाचे हात असले तरी बोलायचे, आणि भांडायचेसुद्धा.

एका साली केशर पहिल्यांदा खेळायला उतरली. नगारा थांबला. तिला कसं कळणार? तिचा मावळा धावतच राहिला, तो थेट राजपुत्राच्या किल्ल्यात घुसला नि बुरूज पाडला. झालं. राजाने तिथल्या तिथे दवंडी पिटली की ज्याला ऐकू येतं त्यानेच खेळायचं. पटांगण खो खो हसलं. केशरने मावळा ओच्यात घेतला, घरी आली नि दोन दिवस जेवली नाही. बाद झाली म्हणून नव्हे हो. बाद काय, सगळेच होतात. पण पुन्हा येऊच नकोस, हे कुठलं आलं? मेलं राज्य तुझं, पण पाडवा काय तुझ्या एकट्याचा?

मग वर्ष गेलं. केशरने आपल्या हाताने एक मावळा घडवला, नाकाने थोडा वाकडा. आईला हातांनी सांगितलं, यंदा मी खेळणार. आई म्हणाली, खेळणार.

ही बातमी राजवाड्यात पोचली. मग धनतेरसेला आला प्रधान. बुंदीच्या लाडवांची परात पुढे केली नि गोड बोलला, पोरीला पाडव्याला घरीच ठेवा, उगाच तिलाच त्रास. भागीरथीने परात ठेवून घेतली. म्हणाली, सणाच्या फराळाला नाही म्हणू नये. पोर मात्र येणार.

मग नरकचतुर्दशीला आली राणीची दासी. म्हणाली, केशरला राणीसाहेबांशेजारी मखमलीची गादी देऊ, वर छत्री धरू, तिने बसून बघावं. भागीरथीने लेकीला विचारलं. केशरने हातांनी सांगितलं, बघून बघून माझे डोळे दुखले. दासी गादी घेऊन परत गेली.

मग लक्ष्मीपूजनाला आला राजवैद्य. त्याच्याकडे सोन्याचे दोन कान. म्हणाला, हे घातले की पोरीला ऐकू येईल, खुशाल खेळू दे. पण एक अट. हातांनी बोलायचं नाही, हात पाठीशी बांधून ठेवायचे. केशरने कान हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले. आपल्या हातांकडे बघितलं. मग उठली नि कान नेऊन घातले शेळीच्या डोक्यावर. शेळीला राजाच्या तुताऱ्या ऐकू यायला लागल्या, नि तिने त्या दिवशी थेंबभर दूध दिलं नाही.

उजाडला पाडवा. केशर मावळा घेऊन पटांगणात शिरली. मागे आई, मागे बाप, मागे काठी टेकत आजा. राजाने कपाळाला आठ्या घातल्या. शिपाई आडवे आले. केशरला धडकी भरली, पण मावळा तिने सोडला नाही.

भागीरथी पुढे झाली. म्हणाली, "ज्याला ऐकू येत नाही त्याने खेळायचं नाही, हाच हुकूम ना महाराज? मग मी माझे मावळे परत नेते. एकूण एक."

राजाने विचारलं, ते का म्हणून?

"त्यांना कान कुठे आहेत?"

सगळ्या मुलांनी आपापले मावळे उचलून बघितले. खरंच की! कुंभारवाड्याची रीतच होती. मुंडाशाखाली कान दिसायचे नाहीत, म्हणून आज्यापणज्यापासून कुणी काढलेच नव्हते. आणि इतक्या वर्षांत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं, बघा.

राजा चिडला. म्हणाला, पण माझा नगारा वाजला की उठतात ते! तेव्हा केशरने आईचा पदर ओढला नि भराभरा हात चालवले. आईने मोठ्याने सांगितलं, ती म्हणते ते आवाजाने उठतच नाहीत. नगारची टिपऱ्या घेऊन हात वर करतो, ते बघून उठतात. तुम्ही सगळे डोळे मिटता. तिला हाक ऐकू येत नाही, म्हणून गेल्या साली तिने मिटलेच नव्हते.

राजाने नगारा तबेल्यामागे नेऊन ठेवायला लावला. म्हणाला, आता वाजव, नि सगळ्यांनी डोळे उघडे ठेवा. नगारा वाजला. मावळे आडवेच. पुन्हा जोराने वाजवला. हूं नाही की चूं नाही. तिसऱ्यांदा नगारची असा जीव खाऊन मारायला गेला की नगाऱ्याचं कातडंच टर्रकन फाटलं.

मग केशर नगाऱ्याच्या रिकाम्या ओट्यावर चढली. तिने दोन्ही हात वर केले. आणि पटांगणातले हजार मावळे माती झटकत, मुंडाशी सावरत उभे राहिले. लोकांनी हे पहिल्यांदा बघितलं. इतकी वर्षं ऐन वेळी डोळे मिटून बसले होते बिचारे.

राजा वरमला, पण राजाच तो. म्हणाला, आजपासून ही खेळाची मुख्य, हिने उंच आसनावर बसावं. केशरने जोरात मान हलवली. मुख्य कशाला? तिला खेळायचं होतं. राजा वैतागला. म्हणाला, अगं पण ती ह्या खेळात बसायची कशी?

भागीरथी म्हणाली, "खेळ बदला, महाराज. पोर बदलायची नाही."

पटांगणात कुणी हसलं नाही. राजपुत्रानेच आपल्या किल्ल्यावरचं निशाण उपटलं नि नगारच्याच्या हातात दिलं. निशाण वर, पळा. निशाण खाली, थांबा.

मग खेळ झाला. आणि केशर काय झाली असेल? बाद! पहिल्याच डावात. राजपुत्राच्या बुरुजाकडे बघत राहिली नि निशाण खाली आलेलं दिसलंच नाही. मग काय विचारता. पाय आपटले, रडली, नगारच्याने निशाण लवकर पाडलं म्हणून त्याच्याशी हातांनी कडाकडा भांडली. नगारच्याला ओ की ठो कळेना. ती भाषा त्याला त्या दिवसापासून शिकावी लागली. बाद झालेली पोरं तिच्या शेजारी येऊन बसली, नि भाऊबीजेपर्यंत सगळ्यांना हातांनी भांडता यायला लागलं. भागीरथी मात्र तोंडाला पदर लावून हसत होती, नि डोळे पुसत होती.

राजाने नगारा पुन्हा मढवून घेतला. वाजवतो हौसेने, वाजवू दे बापडा. पण निशाण उठल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. असे सगळे सुखात राहिले, आणि दर पाडव्याला कुणी ना कुणी बाद होत राहिलं.

काय विचारतेस, चिमे? पुढच्या साली केशर जिंकली का? नाही गं बाई, पुढच्या सालीही हरलीच. त्याच्या पुढच्या साली जिंकली.

चला, आता डोळे मिटा. माझे हात दमले. चिमीचे मिटले का? मग मालवा दिवा.