मोरदरा पहिलं कसं?

मोरदरा हे आमच्या घाटरस्त्यावरचं शेवटचं गाव, पण पडद्यावरच्या आलेखात ते पहिलं होतं. मला आधी एवढंच खटकलं.

दुसऱ्या रुग्णवाहिकेची आमची मागणी ऐकायला बागूलसाहेब जिल्ह्याहून सभेला आले होते. "रुग्णवाहिका पोचायला लागणारा वेळ बघा. सत्तर मिनिटं, पंचेचाळीस, तीस, बारा. रेषा कशी उतरतेय! मग दुसरी गाडी हवी कशाला?"

आरोग्य केंद्रातल्या नोंदी मीच करते. ते आकडे एकाच महिन्याचे, चार वेगळ्या गावांचे होते.

"साहेब," मी म्हटलं. कुणाला ऐकूच गेलं नाही.

"साहेब!" या वेळी माझ्याच आवाजाने मी दचकले.

"मॅडमना घाम फुटलाय. पंखा वाढवा जरा," साहेब सभेला म्हणाले. सगळे हसले.

मी लॅपटॉपपाशी गेले आणि गावं रस्त्याच्या क्रमाने लावली. रेषा सरळ वर चढली.

"अगं बाई, वेळ वाढला की!" मोरदऱ्याच्या सरपंच जिजामावशी ओरडल्या.

"नाही मावशी. आकडे साहेबांचेच आहेत. एवढ्यात गाडी मंदावली असेल का? दिवसामागून दिवस काय बदललं, ते रेषेने दाखवावं. गावांसाठी खांब काढावेत. ते कोणत्याही क्रमाने उभे केले तरी प्रत्येकाची उंची तीच राहते."

मी रेषेच्या जागी खांब आणले. मोरदऱ्याचा खांब पडद्याच्या टोकाला टेकला.

"साहेब," मी तिसऱ्यांदा म्हटलं, "यातला कोणता खांब उतरतोय?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"मॅडम," ते म्हणाले, "मोरदऱ्यात गाडी उभी करायला जागा आहे का?"