नीलजा नदीवर उलटणारे शब्द

एका राज्यात सोमकेतू नावाचा राजा होता. राज्याच्या कडेने नीलजा नदी वाहत असे. ऐलतीर सोमकेतूचे, पैलतीर त्याच्या थोरल्या बहिणीचे. सौदामिनी तिचे नाव. ती पैलतीरच्या राजाला दिली होती, आणि तो निवर्तल्यावर त्याची गादी तीच चालवीत होती.

तो काळ फार चांगला होता. नदीच्या मधोमध एक बेट होते. तिथे दोन्ही काठांचा बाजार भरे. ऐलतीरचे मीठ जाई, पैलतीरचा गूळ येई. इकडच्या मुली तिकडे नांदत, तिकडच्या इकडे. सकाळच्या प्रहरी धुणी धुणाऱ्या बायका या काठावरून त्या काठाशी बोलत. पात्र तिथे अरुंद, त्यामुळे कुणाला फारसे ओरडावे लागत नसे. सणासुदीला राजा आईने दिलेली शिदोरी घेऊन नावेने बहिणीकडे जाई. ती घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी असे, आणि सगळ्या दरबारी मंडळींसमोर त्याचा कान धरून म्हणे, "उशीर केलास, सोमा." दरबारी माना वळवून नदीकडे बघत.

एका वर्षी मोठा पूर आला. पूर ओसरला तेव्हा बेटाची माती खचून एक तांब्याचा हंडा उघडा पडला. कोण्या काळच्या मांत्रिकाने तो पुरला होता. दोन्ही काठांचे शिपाई धावले. इकडच्यांनी इकडे ओढला, तिकडच्यांनी तिकडे ओढला, आणि ओढाताणीत झाकण निसटून बाजूला पडले. आत सोने होते. पाहता पाहता सोन्याचा काळा धूर झाला, नदीवर पसरला आणि पाण्यात मुरला. रिकामा हंडा आणि झाकण बेटावरच पडून राहिले.

त्या दिवसापासून नदी ओलांडणारा शब्द मधल्या धारेत उलटू लागला. राजाने दूताकडून विचारले, "अक्का, कुशल आहेस ना?" पैलतीरी त्याच दूताच्या तोंडून निघाले, "राणी, तुझे सैन्य किती?" राणीने उलट निरोप धाडला, "सणाला ये." राजाच्या कानी पडले, "आलास तर जिवंत जाणार नाहीस." दूतांना काही कळत नसे. आपण सांगितले तेच खरे, असे ते शपथेवर सांगत.

बाजार मोडला. बायका धुणी घेऊन विहिरींवर जाऊ लागल्या. माहेरी येणाऱ्या लेकी यायच्या थांबल्या. दोन्ही काठांवर तट उभे राहिले आणि तटांवर धनुर्धर. ऐलतीरी लहान मुले निजत नसली की आया त्यांना पैलतीरच्या राणीचे भय घालू लागल्या. राजाचे केस पांढरे झाले.

एके सकाळी राजा तटावर उभा असता बेटावरच्या उंबरात राहणारा धनेश पक्षी त्याच्यासमोर येऊन बसला.

"राजा, दोन्हीकडचे दूत माझ्या झाडाखालून नाव नेतात," धनेश म्हणाला. "वाटेत ते निरोप घोकतात. बेटापर्यंत तो गोड असतो. बेट ओलांडले की कडू होतो. ही हंड्याची करणी आहे."

"उपाय सांग."

"मी पाखरू. मला उपाय ठाऊक नाही. राज्ये एकमेकांशी अशी का वागतात, याची विद्या जाणणारे तिघे आहेत. तिघांचे आपसात पटत नाही. म्हणूनच तिघांकडेही जा."

राजाने राज्य सेनापती उग्रबाहूच्या हवाली केले आणि एकटाच निघाला. धनेश पुढे उडत वाट दाखवू लागला.

पहिला ज्ञानी लोहमुख नावाचा मांत्रिक. काळ्या डोंगरावर, लोखंडाच्या गढीत तो एकटा राही. त्याने राजाला मोठ्या तराजूपुढे उभे केले. एका पारड्यात राजाची तलवार ठेवली. दुसऱ्या पारड्यात आपोआप तेवढीच एक तलवार उमटली.

"हे पारडे तुझे, ते शेजाऱ्याचे," लोहमुख म्हणाला. "तुझे पारडे सुरक्षित करून दाखव."

राजाने आणखी एक तलवार ठेवली. पलीकडे दोन उमटल्या. त्याने भाले ठेवले. पलीकडे भाले आणि ढाली. राजा ठेवीत गेला, आणि तराजूची दांडी कडाडू लागली. मग त्याने घाबरून सगळेच उचलले. त्याबरोबर पलीकडचे पारडे धाडकन खाली आले आणि त्यातला भाला सुटून राजाच्या खांद्याला चाटून गेला. राजाने सावकाश आपली काही शस्त्रे परत ठेवली, दांडी समतोल आली तसा हात मागे घेतला आणि थांबला. पलीकडेही काही उमटले नाही.

"तू थांबलास. पुष्कळ राजांना ते जमत नाही," लोहमुख म्हणाला. "ध्यानात ठेव. दोन राजांच्या वर तिसरा कोणी न्याय करणारा बसलेला नसतो. संकटात ज्याला त्याला आपणच राखावे लागते. म्हणून शस्त्र टाकू नकोस, आणि वाढवूही नकोस."

"एवढ्याने माझी बहीण परत मिळेल?"

"युद्ध टळेल. याहून जास्त मला येत नाही."

दुसरी ज्ञानी मांडवी. तिच्या नगरात घराघरांना जोडणारे पूल होते. तिने राजाला मूठभर तांदूळ दिले आणि म्हणाली, "एक वेळचा भात शिजवून आण."

राजाला हसू आले. पण त्या नगरीची रीत अशी होती की ज्या घरी चूल त्या घरी भांडे नाही, आणि ज्या घरी भांडे त्या घरी पाणी नाही. राजाने अंगठी देऊ केली. कुणी घेतली नाही. तेव्हा तो चूलवालीची लाकडे फोडून आला, मग तिने विस्तव दिला. भांडेवाला म्हणाला, "परका माणूस. पातेले घेऊन पळालास तर?" मग पुलावरचे पंच मध्ये पडले. राजाने भांडे परत न केल्यास नगरीतले एकही दार त्याला उघडणार नाही, असे ठरले. मग भांडे मिळाले, पाणीही मिळाले. तिन्हीसांजेला भात शिजला, तो चूलवाली, भांडेवाला, पाणीवाली आणि राजा एका पंगतीत जेवले. राजाला बेटावरचा बाजार आठवला, आणि त्याचा घास हातातच राहिला.

मांडवी म्हणाली, "लोहमुख सांगतो ते खोटे नाही. पण तो एकटा जेवतो. ज्यांची चूल एकमेकांवर चालते, ते भांडायच्या आधी विचार करतात. त्यांना नेम घालून देणारे पंच असले, की विश्वासालाही आधार मिळतो."

"आमचा बाजार होता, बाई. तरी मोडला."

मांडवीने मान खाली घातली. "भय वाढले की लोक आधी पूलच तोडतात. त्यावरची विद्या माझ्यापाशी नाही. नामदा म्हातारीकडे जा."

नामदेचे खोपटे माळावर होते, आणि दारात चिलखत घातलेली एक आकृती उभी होती. तिला तोंड नव्हते. आतून म्हातारी म्हणाली, "तिला नाव दे आणि आत ये."

राजा इतक्या वर्षांच्या सवयीने बोलून गेला, "वैरी!" आकृतीने तलवार उपसली. राजाचाही हात मुठीवर गेला. तशी ती एक पाऊल पुढे आली. राजाने घाईने म्हटले, "बहीण!" ती अडखळली, पण तलवार तशीच राहिली. राजाने स्वतःच्या हाताकडे पाहिले. तो अजून मुठीवरच होता. त्याने हात खाली घेतला, पुन्हा म्हटले, "बहीण," आणि जिथे होता तिथेच मातीत बसला. ऊन चढले, ऊन कलले. तो उठला नाही. अखेर आकृतीने तलवार म्यान केली आणि बाजूला झाली.

नामदा म्हणाली, "नदीपल्याड वैरीही नाही आणि बहीणही नाही. तुम्ही एकमेकांना जे मानाल, तसे वागाल, आणि जसे वागाल, तसेच व्हाल. पण नाव एकदा उच्चारून अंगी लागत नाही. ते रोज वागावे लागते. त्या हंड्याला झाकण घातले की शाप सुटेल. मात्र दोन्ही काठांचे हात एकदम लागल्याशिवाय झाकण हलणार नाही."

"मी तिला बोलावू कसा? माझा शब्द तर उलटतो."

"मग बोलू नकोस," म्हातारी म्हणाली.

राजा परतला. त्याने धनुर्धरांना तटावरून खाली उतरवून बाणाच्या पल्ल्यामागे नेले. सैन्य मोडले मात्र नाही. मग बेटावर मिठाची पोती ठेवविली, निरोपाविना. दरबारात 'वैरी' शब्द बंद केला. पूर्वी म्हणत तसे 'पैलतीरकर' म्हणण्याची आज्ञा झाली. आयांनाही तीच आज्ञा होती.

मीठ पावसात विरघळले. राजाने पुन्हा ठेवविले. तेव्हा पैलतीरावरून बाण आला आणि एका नावाड्याच्या मांडीत रुतला.

सेनापती उग्रबाहू तलवार उपसून म्हणाला, "महाराज, आज्ञा द्या. आता गप्प बसणे म्हणजे भेकडपणा."

"नावाड्याला वैद्याकडे न्या," राजा म्हणाला. "सैन्य आहे तिथे उभे राहू दे. दिसेल असे उभे राहू दे. पण एक पाऊल पुढे नाही."

दुसऱ्या दिवशी मीठ पोचवायला राजा स्वतः गेला. निःशस्त्र गेला आणि हंड्यापाशी बसून राहिला. मग रोज जाऊ लागला. एकदा मिठाच्या जागी गुळाची ढेप ठेवलेली दिसली. ती हातात घेऊन राजा बराच वेळ तिचा वास घेत बसला. पुढे पैलतीरचे धनुर्धरही तटावरून खाली उतरले. आणि एका दुपारी पैलतीरावरून एक नाव सुटली. नावेत राणी एकटीच होती. कमरेला कट्यार होती.

ती बेटावर उतरली. तिचेही केस पांढरे झाले होते. राजा भान विसरला आणि बोलून गेला, "अक्का, झाकण धर!"

शब्द हंड्यावरून जाताना उलटला. राणीच्या कानी पडले, "अक्का, तुझा गळा धरतो!"

तिने कट्यार उपसली. तिचे पाते राजाच्या छातीला टेकले. दोन्ही काठांवर सैन्ये खळबळली. राजाने ओठ मिटले. त्याने खाली वाकून दोन्ही हात झाकणाच्या कडेवर ठेवले, मान झुकवली आणि तसाच थांबला. उघडी मान राणीच्या समोर होती. राणी बघत राहिली.  मग तिने कट्यार वाळूत टाकली आणि झाकणाची दुसरी कड धरली.

झाकण हंड्यावर बसले. नदीच्या तळातून काळा धूर वर आला आणि वाऱ्याने उडून गेला.

पहिला शब्द राणीचा. तिने विचारले, "सोमा, आई कशी आहे?"

राजाने झाकणावरचे हात काढून घेतले. 

"अक्का, आई गेली. त्याला बरीच वर्षं झाली. तिनं अंथरूण धरलं तेव्हाच मी निरोप धाडला होता. म्हटलं होतं, लवकर ये."

राणी वाळूत बसली. "तो दूत मला आठवतो," ती म्हणाली. "तो म्हणाला, लवकरच येतो आणि तुझं नगर जाळतो. मी वेशी लावून घेतल्या रे. वर चढून तुझ्या वाटेवर बाण रोखून बसले."

मग दोन्ही काठांचे पंच बसले. सैन्ये राहिली, पण तट पाडले. बाजाराचे नेम ठरले, त्यावर दोन्ही मुद्रा उमटल्या. नावाड्याच्या जखमेची भरपाई राणीने केली. धुणी पुन्हा नदीवर आली. लेकी माहेरी आल्या. काहींना माहेरच उरले नव्हते, त्या बेटावरूनच परतल्या.

शाप सुटला त्याच दिवशी राणी भावाच्या नावेतून ऐलतीरी आली होती. आईची खोली राजाने मोडली नव्हती. ती आईच्या पलंगावर बसली आणि बाहेर दरबार ताटकळत राहिला.

"शेवटी काही म्हणाली का?" तिने विचारले.

"तुझंच नाव घेत होती. मला म्हणाली, भांडलात का रे दोघं? मी म्हटलं, नाही आई. अक्का येतेय, नाव निघालीय."

राणीने उशीवर हात ठेवला. "बरं केलंस," ती म्हणाली.

पुढे दोघांनी आपापली राज्ये सुखाने चालवली. त्यांचे दोन काठ जसे बोलते झाले, तसे ऐकणाऱ्यांचेही होवोत.