मनाईची पाटी

खांबेटे वकीलबाई भाडेकरारापासून भागीदारीच्या भांडणापर्यंत सगळे दिवाणी दावे चालवीत. एकदा गोदाक्का कुंभार त्यांच्याकडे आल्या. तळ्यावरून माती आणायची त्यांची जुनी वाट गिरणीमालक नाईकनवऱ्यांनी कुंपण घालून बंद केली होती. मडकी घडवायचं कामच थांबलं होतं.

कोर्टात नाईकनवरे रुबाबात म्हणाले, "माझ्या जागेतून वाट कधी नव्हतीच. तिथून आजवर कुणीही गेलेलं नाही."

वकीलबाईंनी त्या जागेचा एक जुना फोटो पुढे केला. "ही पाटी तुमचीच ना?"

"माझीच. दहा वर्षं झाली लावून."

"'येथून जाण्या-येण्यास सक्त मनाई'," वकीलबाईंनी शांतपणे वाचलं. "कुणी जातच नव्हतं, तर ही कुणासाठी लावलीत?"

नाईकनवऱ्यांनी आपल्या वकिलाकडे पाहिलं. तो कागद चाळत बसला होता.

आठवडाभरात कोर्टाच्या हुकमाने कुंपण निघालं.